डाव्या बाजूची पाचर

परवा आमच्या एका ट्रकच्या चाकांची अलाइनमेंट करून घेतली. मशीनवाल्याने छापील कागद हातात दिला, सगळे आकडे हिरवे. म्हणाला, मॅडम, सगळं ओके आहे. मी काही न बोलता पुढच्या टायरकडे गेले, वाकले आणि रबरावरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवला. मशीनवाला बघतच राहिला. ओढणी सावरत, चष्मा नाकावर ढकलत एक पन्नाशीची बाई ट्रकचा टायर कुरवाळतेय, म्हणजे हिचं काहीतरी बिघडलंय असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. मला हे पदूनानांनी शिकवलंय. नाना गेल्या वर्षी गेले, आता तपासायचं कोणी?

पदूनाना म्हणजे कल्याण-शिळ रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड टाकून बसलेले एक्सलवाले, ट्रकच्या चाकांचे आडवे दांडे दुरुस्त करणारे. बसलेले म्हणते खरी, पण या माणसाला बसलेलं मी जवळजवळ पाहिलेलंच नाही. चहा आला की एक घोट घ्यायचे आणि ग्लास कुठेतरी ठेवून चालू पडायचे. शेडमध्ये बंपरवर, टायरवर, खिडकीत असे चार-पाच अर्धे ग्लास कायम थंड होत पडलेले. भाकरीसुद्धा हातात धरून, सुक्या बोंबलाबरोबर, गाडीभोवती चकरा मारत खायचे. खाकी हाफ पँट, खांद्यावर पंचा, काटकुळे पाय. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागे रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघायचे. पहिल्या भेटीत मला त्याचा फार राग आला होता.

त्यांना खरं तर कामाची गरज नव्हती. नाना आगरी, त्याच गावचे, शेतं कधीच बिल्डरकडे गेलेली. चुलतभाऊ गळ्यात जाड चेन घालून पांढऱ्या गाड्यांतून फिरायचे. नानांचेही तीन फ्लॅट होते, एकात ते राहायचे, दोन भाड्याने. नानांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणायच्या, यांच्या पायाला भिंगरी आहे, घरात दहा मिनिटं थांबले तर भिंतीला हात लावून ती सरळ आहे का बघतात.

मी या धंद्यात आले ती नाइलाजाने. विजयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पॅरालिसिसचा झटका आला आणि तीन ट्रक माझ्या गळ्यात पडले. तोवर मी डोंबिवलीत शिकवण्या घेत होते. ट्रकचं मला एवढंच ठाऊक की तो मोठा असतो. लोक मला फसवणार हे मी धरूनच चाललेले, त्यामुळे सगळ्यांशी आधी भांडायचं आणि मग विचारायचं अशी माझी पद्धत झाली होती. भिवंडीत एका गाडीचा पुढचा एक्सल रिपेअर करून घेतला आणि तेव्हापासून ती एका बाजूला खेचायला लागली. दोनदा अलाइनमेंट केली, महिन्याभरात नवे टायर खाल्ले. सदा माझा ड्रायव्हर, बीडकडचा, दिवा स्टेशनजवळ भाड्याने राहायचा. तो म्हणाला, वहिनी, एकदा नानांना दाखवू.

मी शेडमध्ये पाऊल ठेवलं तेच तणतणत. नानांनी माझं अर्धं ऐकलं, अर्धं रस्त्याकडे बघण्यात घालवलं. मग एकदम विचारलं, "गारी खेचतंय कवा? भरलेली का रिकामी? का बिरेक मारल्यावर?" त्यांच्या बोलण्यात ड चा र व्हायचा, गाडी म्हणजे गारी. मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्ही मेकॅनिक आहात ना. त्यावर ते चिडले नाहीत. मला टायरपाशी घेऊन गेले आणि हात फिरवायला लावला. आतून बाहेर फिरवला तर गुळगुळीत. बाहेरून आत फिरवला तर रबराची धार किसणीसारखी तळहाताला टोचली. ते म्हणाले, हे चाक सरळ धावत नाही, रस्त्यावर आडवं घासत धावतंय. मग पुढची चाकं तशीच सोडून मागे गेले. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी धरली, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मागचा एक्सलच अर्धा इंच सरकलेला होता. भिवंडीवाल्यांनी आणि मशीनवाल्यांनी सगळा वेळ पुढचीच चाकं पिळली होती. मी गप्प झाले. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे, विजयला विचारा.

त्यानंतर आमच्या तिन्ही गाड्या नानांकडेच. त्यांच्या तपासायच्या पद्धतीने जीव मेटाकुटीला यायचा. सगळ्यांना वाटतं, गाडी डावीकडे जाते म्हणजे काहीतरी मोडलंय. नाना म्हणायचे, रस्ताच डावीकडे उतरता असतो, पाणी निघून जायला. सरळ गाडीसुद्धा थोडी डावीकडे जाणारच. मग खरी खोट कशी ओळखायची? त्याच रस्त्यावर उलट्या बाजूने चालवून. तिथे गाडी उजवीकडे गेली तर दोष रस्त्याचा, तरीही डावीकडेच गेली तर दोष गाडीचा. म्हणून एका रविवारी दुपारी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर नानांनी सदाला चुकीच्या बाजूने ट्रक चालवायला लावला आणि नेमका हवालदार आला. मी मागे स्कूटरवर होते, म्हटलं आता झालं. नाना खाली उतरले, टपरीवरून पाण्याचा ग्लास आणला आणि हवालदारासमोर रस्त्याच्या मधोमध ओतला. पाणी दोन्हीकडे ओघळलं. मग त्याला समजावून सांगितलं. हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं, पावती फाडलीच, आणि फाडता फाडता विचारलं, माझी मोटरसायकल पण थोडी ओढते, बघता का? नानांनी पावती खिशात घातली आणि तिथल्या तिथे त्याची मोटरसायकल बघितली.

त्यांच्या पुतणीच्या हळदीची गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. बँजो, मांडव, अख्खं गाव. नाना नवा झब्बा घालून, दोन्ही गालांना हळद लावून उभे. रस्त्यावरून एक वाळूचा ट्रक गेला. बँजोच्या गोंगाटात आम्हाला कुणाला काही दिसलं ना ऐकू आलं, पण त्याचं पुढचं चाक थरथरताना नानांना दिसलं. झब्बा वर धरून हा माणूस मांडवातून जो पळत सुटला तो सिग्नलपर्यंत. ड्रायव्हरला वाटलं पिऊन आलाय, त्याने काच वर केली. नाना काचेवर थापा मारतायत, काचेला हळद लागतेय. शेवटी त्याला उतरवलंच. हबमधलं बेअरिंग संपत आलेलं, पुढच्या खिंडीपर्यंतसुद्धा चाक टिकलं नसतं. इकडे मांडवात काकी सगळ्यांना सांगत होत्या, येतील, कुठे जातायत. दोन तासांनी आले ते ग्रीसने काळे होऊन, आणि फोटोत तसेच आहेत.

तर असा माणूस. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठी मोडलेला मी ऐकला नव्हता. एक्सल उघडून पुन्हा बसवला की ती गाडी शेडमधून सरळ मालकाकडे जायची नाही. नाना स्वतः क्लीनरच्या सीटवर बसायचे, पार खोणी गावाच्या पुढे सरळ पट्टा लागेपर्यंत जायचे, तिथे ड्रायव्हरला म्हणायचे, "हात सोर." ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचे हात नुसते ढिले करायचे. गाडी आपली आपण कुठे जाते, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून माघारी येतं का, ते बघायचं. मग परत. यात तास-दीड तास जायचा. ज्याने बांधली त्याने आधी तिच्यात बसायचं, असं ते म्हणायचे.

हा नियम एकदा मोडला, आणि तो मी मोडायला लावला.

गेल्याच्या गेल्या वर्षी आमच्या मोठ्या गाडीचा पुढचा एक्सल काढला होता. भिवंडीत गोडाऊनवर माल भरायचा खोळंबलेला, मालाची पार्टी दर दहा मिनिटांनी फोन करतेय, आणि घरी विजयला फिजिओथेरपीला न्यायचं. मी नानांना तीन फोन केले. तिसऱ्या फोनवर तर ओरडलेच. म्हटलं, नाना, तुमची ती सहल आज नको, गाडी सोडा. ते काहीतरी म्हणत होते, बाय, एक फेरी मारू दे. मी म्हटलं, इतकी वर्षं काम करताय, स्वतःच्या हातावर भरवसा नाही का? मग त्यांनी गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सदाचा फोन. वहिनी, वळण घेतल्यावर स्टिअरिंग परत येत नाही, ओढून आणावं लागतं, आणि गाडी डाव्या अंगाला जाते. मी म्हटलं, नवीन काम आहे, बसेल दोन दिवसांत. हे मी कुठल्या अकलेने म्हटलं देव जाणे. सदा सरळ माणूस, हो म्हणाला आणि गाडी चालवत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मानपाड्याच्या पुढे समोर रिक्षा आडवी आली, सदाने ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे गेली ती सरळ एका शहाळ्याच्या हातगाडीवर. शहाळीवाल्याने उडी मारली म्हणून वाचला, पण त्याचा हात मोडला. मी पोचले तेव्हा सत्तर-ऐंशी माणसं जमलेली, सदाचा शर्ट फाडलेला. तो एकच सांगत होता, गाडीने ओढलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, प्यायलाय. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गाडी माझी. मी सदाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, प्यायलेल्या माणसाला मी गाडीवर ठेवत नाही, उद्यापासून येऊ नकोस. गर्दीचा राग एकदम उतरला. माझ्यावरचा, म्हणजे. पोलिसांनी सदाची तपासणी केली, दारूचं काही सापडलं नाही. तरीही मी माझा शब्द मागे घेतला नाही. शहाळीवाल्याचं दवाखान्याचं मी सगळं बघितलं आणि मला वाटलं, विषय संपला.

पण बाजारात शब्द पसरायला वेळ लागत नाही. सदाला कोणी गाडी देईना. दिव्यात त्याच्या चाळीत लोक त्याच्या बायकोला, लताला, तोंडावर विचारायचे. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलेलं की नाना पाचव्या दिवशी माझ्या बिल्डिंगखाली उभे आहेत आणि वर यायला तयार नाहीत.

मी खाली गेले. नाना गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारत होते. म्हणाले, सदाला मी बारा वर्षं बघतोय, मना नाय पटत. चल, गाडी बघू. पोलिसांनी सोडल्यावर गाडी नानांच्या शेडजवळच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली होती, बंपर चेपलेला. आम्ही तिकडे गेलो. नानांनी सगळं पहिल्यापासून तपासलं. टायरवरून हात फिरवला, सुतळी धरली, जॅक लावून चाकं हलवून बघितली, ब्रेक बघितले. सगळं ठीक. मग स्वतः गाडी काढली, मला बाजूला बसवलं. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी डावीकडे गेली. उलट्या बाजूने घेतली, तरी डावीकडेच. वळण घेऊन त्यांनी हात सोडला. स्टिअरिंग जिथल्या तिथे राहिलं. नानांचा चेहरा उतरला. तिथूनच त्यांनी गाडी शेडकडे वळवली.

गाडीचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पाट्यांच्या कमानी आणि एक्सल यांच्यामध्ये एक लोखंडी पाचर असते, तळहाताएवढी. एक कड जाड, एक पातळ. जाड कड मागे ठेवायची; तिच्यामुळे चाक ज्यावर वळतं तो खुंटा किंचित मागे झुकतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. दोन्ही बाजूंना एकेक पाचर. नाना या पाचरी डोळ्यांनी बघून कधी बसवायचेच नाहीत. अंधारात, गाडीखाली उताणं पडून, बोटाने कड चाचपायची आणि सरकवायची, चाळीस वर्षांची सवय. त्या दिवशी ते गाडीखाली गेले, आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि बाहेर येईनात. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा घाबरून वाकून बघितलं. नाना उताणे पडलेले, टॉर्च चालू, आणि उजव्या हाताचं बोट त्या डाव्या पाचरीवरून परत परत फिरवत होते. जाड कड पुढे होती.

बाहेर आल्यावर त्यांनी हात धुतले, पुसले, मग पुन्हा धुतले. म्हणाले, शुगरने बोटं बधिर झालीत, सहा महिने झाले. आधी बोट सांगायचं. आता सांगत नाही, आणि मी ते कुणाला बोललो नाही. मला वाटलं आता म्हणतील, बाय, तू फेरी मारू दिली असतीस तर. त्यावर मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण नाना तसं काही म्हणालेच नाहीत. पाचर फिरवली, बोल्ट आवळले, गाडी काढून सरळ पट्ट्यावर जाऊन आले. गाडी सरळ गेली.

मी म्हटलं, झालं ना आता. तुम्हाला आणि मला सोडून कुणाला माहीत आहे? मी कुठे बोलणार नाही. खरंच सांगते, त्यात त्यांच्यावरची माया होती, आणि माझी स्वतःची सोयही होती.

नाना म्हणाले, "सदाचं घर कुठं हाय?"

दिव्याला ट्रक नेता येत नाही, रिक्षा मिळेना. शेवटी माझ्या स्कूटरवर मागे बसले. चाळीस वर्षं ट्रकमध्ये काढलेला माणूस, पण स्कूटरवर माझ्या खांद्याला घट्ट धरून बसलेला, आणि खड्डा आला की मला पाठीवर टकटक. सगळा रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होते. सदा, गैरसमज झाला. सदा, परिस्थितीच तशी होती. एकही धड जुळेना.

सदाची खोली चाळीच्या मधोमध. टँकर नुकताच आलेला, गल्लीभर पाइप आणि निळे ड्रम, बाया रांगेत. लता ड्रम भरत होती. मला बघून तिने मान वळवली. सदा दारात आला, दाढी वाढलेली. तो आत या म्हणाला, पण नाना आत गेले नाहीत. गल्लीतच उभे राहिले आणि मोठ्याने बोलले, रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"सदा, पाचर मीच उलटी बसवली. गारी त्यानं डावीकरं गेली. तू प्यायला नव्हतास, तुजा काय बी दोष नाय. माजी चूक हाय."

लताचा ड्रम भरून सांडायला लागला, पण तिने पाइप काढला नाही. सदा खाली बघत होता. मग म्हणाला, नाना, तुम्ही कशाला इथवर आलात. नानांनी त्याच्या दंडाला नुसता हात लावला. मग माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांनी मागच्या रस्त्याकडे न बघता सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"माजं मी बोललो, बाय. आता तुजं तू बोल."

एवढं म्हणून ते पाइप ओलांडत गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागले. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. मी त्यांना सांगितलंच नव्हतं की माझं काही बोलायचं राहिलंय. त्यांनी ते कसं ओळखलं, मला अजून कळलेलं नाही.

जुळवलेलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, सदा, फेरी नको असं मी ओरडून सांगितलेलं. तू फोन केलास तेव्हा गाडी थांबवायला हवी होती, ती मी थांबवली नाही. आणि तू प्यायलेला नाहीस हे मला तिथे उभी असतानाच माहीत होतं. तुझ्या तोंडाला वास नव्हता. लोक माझ्या अंगावर येतील म्हणून मी तुझं नाव पुढे केलं.

लताने तेव्हा पाइप काढला. सदाने दाराच्या कडीला हात घातला. मला वाटलं दार लावेल, आणि लावलं असतं तर ते बरोबरच होतं. मग तो दारातून थोडा बाजूला झाला आणि म्हणाला, "वहिनी, आत या. दारात नका उभ्या राहू."

पुढच्या महिन्यात रस्ता रुंदीकरणात नानांची शेड गेली, ते लेकीकडे खडवलीला राहायला गेले आणि तिथेच वारले. सदा परत माझ्या गाडीवर यायला दोन महिने लागले, तेही मी चार वेळा गेले तेव्हा. पण नानांना मी शेवटचं बघितलं ते त्या दिवशी, मी सदाच्या उंबऱ्यावर चप्पल काढत असताना; बाहेर आले तोवर ते निघून गेले होते. गल्लीच्या तोंडाशी ते पाठमोरे उभे होते, पंचा खांद्यावर, दोन्ही हात मागे बांधलेले. अख्खी चाळ माझ्याकडे बघत होती. नाना तेवढे बघत नव्हते.